आतून मूठ नको

१२ जानेवारी

धाकटे,

पलटणारी टेबलं मी केली. भिंतीत मिटणारा दारूचा काउंटर मी केला. जिन्याची ती पायरी मी केली, जिच्यावर पाय पडला की वरच्या मजल्यावर दिवा लुकलुकायचा. वरच्या खोल्यांमधल्या लाकडी आडभिंती मी केल्या. हेडमास्तरांची उंच पाठीची खुर्ची मी केली आणि तिच्या उजव्या हाताखाली दडवलेला खणही मीच केला. त्या खणात काय असायचं ते मी कधी पाहिलं नाही आणि विचारलंही नाही. तुझं लग्नातलं कपाट मी केलं. त्याचा इथे संबंध नाही, पण यादी करायचीच तर पुरी करावी.

आता तू पाठवलेल्या पेपरच्या कात्रणाबद्दल. 'शहराच्या काळ्या धंद्यांचा इतिहास, भाग चौथा.' लिहिणारे प्राध्यापक म्हणे. हेडमास्तरांच्या वाचनालयाबद्दल लिहिलंय आणि म्हणतात काय, तर तिथली टेबलं 'परदेशातल्या एका नामांकित कारखान्यातून मागवलेली असावीत'. असावीत! मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचवेना. तुझी वहिनी म्हणाली, "जेवून तरी घ्या, मग रागवा." जेवण काही गोड लागलं नाही.

प्राध्यापकांना सांग, ते लाकूड परदेशातलं नव्हतं. मोडीत निघालेल्या एका शाळेची बाकं होती ती. मी रंधा मारला तेव्हा पोरांनी कोरलेली अक्षरं भुश्यातून निघाली. वर हिरवं कापड ताणलेलं. कडेची खिटी काढली की फळी फिरायची आणि खालून यायचं वाचायचं तिरकं टेबल, पेपर अडकवायच्या पट्टीसकट. एकदा पोलीस आले तेव्हा मी तिथेच रंधा घेऊन उभा होतो. वर दिवा लुकलुकला, आणि फौजदार जिना चढेपर्यंत पन्नास जुगारी गंभीर चेहऱ्याने पेपर वाचत बसलेले. एकाने उलटा धरला होता. फौजदाराने तो त्याच्या हातून घेतला, सुलटा करून परत दिला आणि म्हणाला, "आता नीट दिसेल." मग सगळे हसले, फौजदारही. त्याचा हप्ता आदल्याच आठवड्यात पोचला होता.

आणि इतिहास लिहायचाच असेल तर त्यांना म्हणावं, कोर्टकचेऱ्यांचे कागद कशाला उपसता, सुताराला काय काय काम सांगितलं ते विचारा. आधी सांगितली टेबलं, म्हणजे पत्ते. मग काउंटर, म्हणजे चोरटी दारू. मग वरच्या आडभिंती. तिथे ज्या बायका आणून ठेवल्या होत्या त्यातली एकही मी कधी रस्त्यावर पाहिली नाही. मग आजूबाजूच्या दुकानांच्या फळ्या दुरुस्त करायची कामं येऊ लागली, कारण ज्याने पैसे दिले नाहीत त्याच्या फळ्या फुटायच्या आणि त्या नीट करायलाही हेडमास्तर मलाच धाडायचे. दुकानदाराला वाटायचं, मोठ्या मनाचा माणूस. हेडमास्तर हे नाव का पडलं तेही सांग. माणसं असोत की खुर्च्या, त्यांना सगळं रांगेत लागायचं. शाळेत ते स्वतः किती गेले होते हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

माझं काम ओळखायचं असेल तर स्क्रू बघा म्हणावं. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरची खाच उभी. एकही तिरकी नाही, आडवी नाही. आडव्या खाचेत धूळ बसते, आणि उभी खाच डोळ्याला शांत वाटते. मला हे कोणी शिकवलं नाही. मी कोणाच्या हाताखाली शिकलेलोच नाही, हेही लिहा म्हणावं.

पत्र त्यांच्या हातात दे. वाचून दाखवू नकोस, तू मधले मधले शब्द गाळतेस.

दादा

२७ जानेवारी

दादा,

तुझं पत्र पोचवायची वेळच आली नाही. प्राध्यापकच घरी आले! मी पेपरच्या कचेरीत चिठ्ठी टाकली होती की टेबलं परदेशातली नाहीत, माझ्या भावाने केलीत. तर परवा स्वतः दारात. माणूस इतका सभ्य की बूट काढताना भिंतीला हात लावला नाही. मी कोणाचं तरी झंपर उसवत बसले होते, सगळीकडे दोरेच दोरे. तेच म्हणाले, "राहू द्या हो, कामाचं घर आहे." चहा घेतला. बिस्किटं संपवली.

तुझं पत्र वाचलं आणि म्हणाले, "तुमचे बंधू कारागीर नाहीत, कलावंत आहेत." घे, झालं समाधान? पत्र ठेवून घेतलं, पाकिटासकट. मी म्हटलं, असू द्या.

मग म्हणाले, वाचनालयाची इमारत आता पाडतायत. मागच्या खोलीत एक विटांची भिंत होती, ती फोडली तर पाठीमागे कपाट निघालं. कपाटाची पाठ म्हणजे दार, आणि दारामागे एवढीशी खोली. रिकामी. 'रिकामी' हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. त्या कपाटाच्याही सगळ्या खाचा उभ्या आहेत म्हणे. मग ते तुझ्या यादीत कसं नाही? मी म्हटलं, विसरला असेल. म्हटलं आणि माझं मलाच हसू आलं. तू आणि विसरणार!

आणखी एक विचारलं. तिथे एक कारकून होता, तो तुमच्या भावाच्या ओळखीचा होता का? बारीक अंगाचा, पुढच्या दातांत फट, आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. मी म्हटलं, "अहो, असा गप्पिष्ट माणूस माझ्या ओळखीत असता तर मी ह्यांच्याशी लग्न कशाला केलं असतं?" ते खूप हसले.

तेवढ्यात हे दुकानातून आले. दारातच उभे राहिले, चप्पलसुद्धा काढेनात. प्राध्यापक म्हणाले, तुमचं लग्नातलं कपाट बघू का, आतून? तर हे म्हणतात, "किल्ली हरवलीय." दादा, किल्ली ह्यांच्या खिशात होती! मला ऐकू येत होती! पाहुण्यासमोर मी काय बोलणार? प्राध्यापक म्हणाले, हरकत नाही, सापडेल तोवर. पुढच्या गुरुवारी येतो, कपाटाचा फोटोही घेतो.

ते गेल्यावर मी ह्यांना चांगलं सुनावलं. हे एक शब्दही उलट बोलले नाहीत. तसं कधीच बोलत नाहीत म्हणा. आंघोळीला गेले, ते पाण्याचा आवाजच नाही. तुला माहितीय ना, हे न्हाणीघराची कडी कधी लावत नाहीत, आत आहोत हे कळावं म्हणून गाणं म्हणतात, बेसूर. त्या दिवशी गाणंही नाही. बघते तर उंबऱ्यावर बसलेले, कोरडे. मला वाटतं, प्राध्यापक माझ्याशी इतकं हसून बोलले ते ह्यांना रुचलं नाही. ह्या वयात मत्सर, सांग आता! मला रागही आला आणि जरासं बरंही वाटलं.

आता लिही, ते कपाट तूच केलंस का? प्राध्यापकांना गुरुवारी सांगते.

धाकटी

३० जानेवारी

धाकटे,

हे पत्र तुमच्या समोरच्या इस्त्रीवालीच्या पत्त्यावर टाकतोय. ती तुला देईल. तू पुढे वाचू नकोस. आधी मेहुण्यांना दे. त्यांचं वाचून झालं की तुझ्या हातात देतील.

मेहुणे, जे व्हायचं नव्हतं ते झालं. पत्र लिहिताना माझी अक्कल गहाण पडली होती. टेबलं परदेशातली म्हटलं की मला राहवणार नाही, हे हेडमास्तरांच्या माणसांना माहीत होतं. म्हणूनच तसं छापलं. गळाला दुसरं काही लावायची त्यांना गरजच नव्हती.

तो प्राध्यापक असेल, नसेल. पण इतिहास लिहिणारा माणूस त्या कारकुनाबद्दल विचारणार नाही. कारकून कोर्टात हेडमास्तरांविरुद्ध साक्ष देणार होता, ही गोष्ट पेपरात कधी आली नाही. साक्षीच्या आधी तो गावी गेला, एवढंच सगळ्यांना सांगितलं गेलं. रिकाम्या खोलीचा आणि त्या कारकुनाचा संबंध लावू शकतो तो एकच, ज्याला माहीत आहे की ती खोली रिकामी नसायला हवी होती.

धाकटे, आता तुझ्यासाठी. हेडमास्तरांनी मला ते कपाट करायला सांगितलं तेव्हा म्हणाले, "मागे एक खोली ठेव. सामानासाठी. आतून मूठ नको." मी म्हटलं, बरं. मग म्हणाले, "वारा जायला फट पण नको." सामानाला वारा लागत नाही, धाकटे. सामान दार उघडतही नाही. मी मान खाली घालून माप घेत राहिलो. आकडा लिहून घ्यायचाच राहिला, म्हणून माप दोनदा घ्यावं लागलं. माझ्या आयुष्यात माप दोनदा घ्यायची ती एकच वेळ.

आता ऐका दोघंही. गुरुवारच्या आत तुमच्या लग्नातल्या कपाटातले सगळे स्क्रू फिरवून वाकडे करा, म्हणजे उभी खाच ही माझी खूण ठरणार नाही. बिजागऱ्यांचे, कड्यांचे, आतल्या फळ्यांचे, पाठीचे. सारखे वाकडे नकोत, नाहीतर तेही कळेल. कसेही, जसे कोणत्याही सुताराचे असतात. किल्ली सापडली म्हणा. हवं तेवढं बघू दे. न विचारलेलं एक अक्षर बोलू नका.

तुझ्या वहिनीला काही सांगितलेलं नाही. काल दुकानात लाकडाचा ओंडका पडला, मी रंधा टाकून बाहेर पळालो. ती हसली. मीही हसलो.

हे पत्र जाळा.

दादा

९ फेब्रुवारी

दादा,

मी तुझ्यावर चिडलेय, हे आधी सांगते. नंतर लिहायला जागा राहणार नाही.

पत्र आधी ह्यांना दिलं. वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "पेचकस कुठे ठेवलाय?" एवढंच! मी म्हटलं, आधी मला वाचू द्या. तर म्हणाले, "वाच. पण पेचकस दे."

मी वाचलं. मग दुपारभर आम्ही तुझ्या कपाटात. इतक्या वर्षांत पॉलिश भरून खाचा बुजल्या होत्या, माझ्या शिवणाच्या कितीतरी सुया मोडल्या त्या कोरण्यात. मी दार धरून उभी आणि ह्यांनी तोंड कपाटात घालून, माझ्याकडे न बघता, सगळं सांगितलं. समोरासमोर सांगता आलं नसतं म्हणाले.

फटीचे दात, गप्पिष्ट, बारीक अंग. दादा, तू मला लग्नाच्या वेळी काय सांगितलं होतंस? 'माझ्या ओळखीचा आहे, हिशेबाला पक्का, सायकलवरून पडून दात गेले, म्हणून कवळी.' सायकल ह्यांना चालवता येत नाही, हे मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं होतं. मी विचारलं नाही. वाटलं, दारू पिऊन पडले असतील, लाज वाटत असेल, आपण कशाला खपली काढा. फट दिसू नये म्हणून चांगले दात काढून घेतले ह्यांनी. चांगले!

ह्यांना हेडमास्तरांनी बोलावलंय म्हणून मागच्या खोलीत नेलं. "आत हिशेबाची पेटी आहे, बघ." आत पाय टाकला आणि दार लागलं. हे ओरडले, ढकललं, लाथा घातल्या, खांद्याने धडका दिल्या. तो खांदा अजून वर होत नाही, मला वाटायचं सांधे धरलेत. बाहेर माणसं उभी होती, त्यातला एक खोकला आणि मग तेही गेले. मग हवा जड व्हायला लागली. तेव्हा ह्यांना तुझं बोलणं आठवलं. एकदा चहा पिताना तू म्हणाला होतास ना, "कधी असल्या जागी अडकलात तर ढकलू नका. घाबरलेला माणूस ढकलतो, म्हणून मी ओढायची कळ ठेवलीय. खाली बसा, डाव्या कोपऱ्यातली तळपट्टी वर ओढा. आणि बाहेर पडलात की मागे लावून घ्या." आणि माझा पत्ता दिला होतास. हे म्हणाले, "दादा नेहमीसारखी कामाची बढाई मारतायत असं वाटलं, म्हणून मी अर्धवटच ऐकलं होतं." डावा की उजवा तेच आठवेना. दोन्ही कोपरे नखांनी खरवडले.

बाहेर आले आणि तू सांगितल्याप्रमाणे दार मागे लावून घेतलं. मागच्या खिडकीतून गेले. दुसऱ्या दिवशी त्या लोकांनी कपाटापुढे विटा रचल्या. उघडून बघायची कोणाची हिंमत झाली नाही म्हणून, नाहीतर तेव्हाच कळलं असतं.

म्हणून न्हाणीघराची कडी नाही. म्हणून लिफ्ट नाही, सिनेमा नाही. म्हणून हे माझ्या घरात आले तेव्हापासून बोललेच नाहीत. बोलण्यावरून ओळखतील ही भीती! आणि मी सगळ्यांना सांगत फिरले की आमचे हे घुमे. दादा, तो गप्पिष्ट माणूस मला एकदा भेटला असता तर फार आवडलं असतं.

आता गुरुवारचं. प्राध्यापक आला, बरोबर फोटोवाला म्हणून एक जण, ज्याचा एक कान मोडलेला आणि कॅमेऱ्याची पिशवी रिकामी. मी बोट लावून पाहिली, चपटी झाली. कपाट उघडून दिलं. बॅटरी लावून एकेक बिजागरी पाहिली. मी बाजूला उभी, तोंडात टाचण्या धरून, म्हणजे बोलायला नको. प्राध्यापकाचा चेहरा पडला. म्हणाला, "हे तुमच्या भावानेच केलंय ना?" मी टाचण्यांतून हुंकार भरला.

मग तो ह्यांच्याशी गप्पा मारायला बसला. पूर्वी कुठे कामाला होता? हे म्हणाले, "औषधांच्या दुकानात." त्याआधी? "दुसऱ्या औषधांच्या दुकानात." मग त्याने विनोद सांगितला. दादा, विनोद सांगताना माणूस समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतो, हा ह्यांच्या तोंडाकडे बघत होता. हे हसले. सगळे दात दाखवून हसले, कवळीचे सरळ सारखे दात. त्याने दुसरा विनोद सांगितला. हे पुन्हा हसले. मी टाचण्या दातांत घट्ट धरून ठेवल्या.

जाताना प्राध्यापक म्हणाला, "बंधूंना भेटून येतो आता. पाकिटावर गावाचा शिक्का आहे, सुताराचं दुकान शोधायला वेळ लागत नाही." मोडक्या कानाचा माणूस दाराची कडी सारखी वर-खाली करून बघत होता.

आम्ही रविवारी निघतोय. कुठे ते लिहीत नाही. शिवणयंत्र बरोबर घेतेय, बाकी सगळं राहू दे. कपाटही राहणार. पत्र इस्त्रीवालीकडेच टाक, तिच्याकडून मिळेल. पण दादा, आम्ही कुठेही गेलो तरी एकदा त्यांना कळलं की खोलीतून बाहेर पडायची वाट होती, आणि ती तू ठेवलीस, तर तुझ्यावरून माझ्यावर आणि माझ्यावरून ह्यांच्यावर यायला त्यांना काय लागतंय? सगळं आता तू त्याला काय सांगतोस त्यावर आहे. एकदाच, फक्त एकदा, स्वतःच्या कामाबद्दल बोलू नकोस.

धाकटी

दादा, चार ओळी मी लिहितो. स्क्रू वाकडे करताना हात कचरत होता, माफ करा. दार अजूनही बोटाने लागतं. तुमचं बोलणं त्या दिवशी पूर्ण ऐकायला हवं होतं. मेहुणा.

२१ फेब्रुवारी

धाकटे,

येऊन गेले.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी दुकान आतून लावलं आणि पेचकस घेतला. कपाटं, खुर्च्या, गिऱ्हाइकांच्या तयार ऑर्डरी, आमचा पलंग, दुकानाच्या दाराच्या बिजागऱ्या, घराच्या खिडक्या. एकेक खाच वाकडी केली. तुला सांगतो, लहान पोराचं तोंड धरून वेडंवाकडं करावं तसं वाटत होतं. तुझी वहिनी दारात येऊन बघत राहिली. शेवटी म्हणाली, "डॉक्टरांना बोलावू का?" मी म्हटलं, "बस, सांगतो." सांगितलं. ती उठली. स्वयंपाकघरात गेली आणि परत आली ती पोळपाटाखालचं स्टूल घेऊन. "ह्याचे राहिलेत," म्हणाली.

नंतर मी एक वाईट स्टूल केलं. मुद्दाम. पाय सारखे नसलेलं. वाईट काम करायला चांगल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मला ह्या वयात कळलं. ते दर्शनी ठेवलं.

सकाळी उन्हं दुकानात आली होती तेव्हा ते आले. प्राध्यापक आत, मोडक्या कानाचा दारात उभा, उजेड अडवून. प्राध्यापकाने नमस्कार केला आणि बसायला तेच स्टूल ओढलं. डुगडुगलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जमीन वर-खाली आहे."

म्हणाला, "पत्र वाचलं तुमचं. पण भिंतीतलं कपाट यादीत नाही."

"नाही, कारण ते मी केलं नाही."

"खाचा सगळ्या उभ्या आहेत."

"तिथे सगळ्यांच्याच असायच्या. हेडमास्तरांना रांग लागायची हो, माणसांची काय आणि स्क्रूंची काय. एक वाकडा दिसला की पगार कापायचे. मला वाटलं, पत्रात ती रीत जरा माझी म्हणून सांगावी, तेवढीच शान. इथे बघा ना, इथे कोण कापतंय माझा पगार?"

त्याने बघितलं. उठून, वाकून, एकेक बघितलं. बोटाने खाचा चाचपल्या. मी रंधा चालवत राहिलो. फळी आधीच गुळगुळीत होती, तिला आणखी काय करणार. मोडक्या कानाचा दारातून म्हणाला, "साहेब, हा एक सरळ आहे." माझी अवजारांची पेटी. तीच राहिली होती. रोज हातात असते, म्हणून दिसलीच नाही.

 मी पेटीकडे पाहिलं आणि म्हटलं, "वा! इतक्यांत एखादा चुकून सरळ लागायचाच." मोडक्या कानाचा हसला. प्राध्यापक हसला नाही.

मग त्याने भिंतीतल्या कपाटाचे फोटो बाहेर काढून माझ्यासमोर मांडले. धाकटे, किती वर्षांनी पाहिलं मी ते! विटांच्या मागे, ओलीत, अंधारात राहूनही एक सांधा सुटलेला नाही. फळीला फळी अशी बसलीय की मधून कागद जाणार नाही. डाव्या कोपऱ्यातली पट्टी दिसत होती, आणि ती पट्टीच कळ आहे हे त्यांना कळलेलं नव्हतं. त्यांनी ते दार खरवडलंय, ठोकलंय, एका बाजूने करवतलंय, तरी कळ सापडलेली नाही. तो म्हणाला, "आतून उघडायची काही युक्ती असेल का ह्यात? तुमच्यासारख्या माणसाला फोटोवरूनही कळेल."

तोंडावर आलं होतं. तुझी शपथ, जिभेच्या टोकावर होतं. आणि त्याच्या डोळ्यांत मी पाहिलं की तो त्याचीच वाट बघतोय, जशी टेबलं परदेशातली म्हटल्यावर पाहिली होती.

मी चष्मा लावला, फोटो उजेडात धरला आणि म्हटलं, "मी न केलेल्या दाराचं मला काय कळणार? आणि आतून मूठच दिसत नाही की. बाहेरूनच कोणीतरी उघडत असेल."

"बाहेरून कोण उघडणार?"

"ते मी कसं सांगू? तिथे माणसं तुमच्या ओळखीची असतील, माझ्या नाहीत."

त्याने मोडक्या कानाच्या माणसाकडे पाहिलं. पहिल्यांदाच तसं पाहिलं, जरा जास्त वेळ. तो खोकला. मला मेहुण्यांनी तुला सांगितलेला दाराबाहेरचा खोकला आठवला आणि हातातला फोटो मी टेबलावर ठेवून दिला. आता ते दोघं एकमेकांना विचारत बसतील. किती दिवस, ते माहीत नाही. सगळं पटलं असेल असं मी म्हणत नाही. मोटार वळेपर्यंत प्राध्यापक मागच्या काचेतून दुकानाकडे बघत होता. तुम्ही आहात तिथेच राहा, मला लिहू नका, आणि मेहुण्यांना सांग, दोघंच असाल तेव्हा घरात मोठ्याने बोलायला हरकत नाही. जमेल तेवढं बोलू दे त्यांना.

राहिलेली एक गोष्ट तुलाच लिहितो, दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. फोटो गोळा करायच्या आधी प्राध्यापकाने पिशवीतून एक वस्तू काढली, रुमालात गुंडाळलेली. पितळी पाटी. शहरात ह्या सगळ्या इतिहासाचं प्रदर्शन भरणार आहे म्हणे, ते कपाट मधोमध उभं राहणार, आणि ही पाटी त्याच्याखाली. अक्षरं आधीच कोरलेली होती, खोल आणि सुबक. म्हणाला, "फक्त हो म्हणा आणि कळ दाखवा. नाहीतर परदेशी बनावट म्हणून लिहावं लागेल." मी पाटी हातात घेतली. तिचे चारही कोपरे नीट घासलेले होते. परत रुमालात ठेवली आणि म्हटलं, "परदेशीच लिहा. मला इतकं चांगलं येत नाही."

पाटीवर माझं पूर्ण नाव होतं, आपल्या वडिलांच्या नावासकट, आणि तिच्याखाली, त्याच रुमालात, रोख अडीच लाख.

दादा